नावाने शॉटगन, कामाने कान

मित्रांनो, ही हातभर लांबीची काळी नळी पाहून घाबरू नका. नाव शॉटगन असले, तरी मी आजवर माशीही मारलेली नाही. मी एक जुना माइक आहे. कारखान्यात माझ्या अंगावर बारीक खाचा कापल्या गेल्या. बाजूने येणारा गोंगाट त्यांत शिरून विरून जातो आणि समोरचा आवाज तेवढा मला नीट ऐकू येतो.

दुकानाच्या काचेच्या कपाटात बसून मी कंटाळलो होतो. एके दिवशी दोघे बहीणभाऊ आले. दादा सायकली दुरुस्त करायचा आणि धाकटी त्याच्या कामाचे व्हिडिओ काढायची. पण कॅमेऱ्याच्या माइकमध्ये दादापेक्षा रस्त्यावरच्या गाड्याच जास्त ऐकू यायच्या. त्यात दादा बोलताना अडखळायचा. कॉलरला छोटा माइक लावला, तर त्याचे सगळे लक्ष त्या माइककडे जायचे आणि शब्द घशातच अडकून बसायचे.

"मग यांना दिसणारच नाही असा माइक घ्या," दुकानदारकाका म्हणाले. त्यांनी मला स्टँडवर चढवले आणि दादाच्या डोक्यापासून हातभर वर, चित्रात येणार नाही असे टांगले. "कॅमेऱ्यावर बसवू नका. कॅमेरा लांब, म्हणजे हाही लांब. वरून छातीकडे रोखून ठेवायचा."

"मी काय बोलू?" दादाने विचारले.

"समोर दिसेल ते बोल," धाकटी म्हणाली.

समोर दाराशी काकांची सायकल उभी होती. "काका, तुमची चेन ढिली झालीय," दादाने सुरुवात केली आणि ती कशी ओढून घ्यायची हे सांगण्यात तो असा रंगला, की मला विसरूनच गेला. मधे एकदोनदा अडला, पुन्हा पुढे गेला. हेडफोन लावलेली धाकटी आधी हसली, मग तिने डोळे पुसले.

"हाच द्या," ती म्हणाली.

मग काय, माझे सुगीचे दिवस सुरू झाले. पहिल्याच व्हिडिओत दादा 'ब्रेक' या शब्दावर बराच वेळ अडला.

"एवढं कापते मी. कुणाला कळणार नाही," धाकटी म्हणाली.

"नको. मी असाच बोलतो. थांबतील लोक जरा."

लोक खरेच थांबले. 'आवाज किती स्वच्छ आहे!' असे कुणी लिहिले, की मी नळीभर फुगायचो.

पुढे धाकटीला बाळ झाले आणि माझी रवानगी खणात झाली. आतला सेल पाझरला, डोक्यावरची स्पंजची टोपी भुगा होऊन गळाली. आता आपण भंगारात जाणार, असेच मी धरून चाललो होतो.

पण एका सकाळी खण उघडला. धाकटीने मला पुसले, सेलची जागा घासून साफ केली आणि नवी टोपी घातली. दादाच्या सायकलच्या दुकानात एक आई तिच्या लेकीला घेऊन आली होती. लेकही दादासारखीच अडखळायची. वर्गात मुले हसली म्हणून तिने बोलणेच सोडले होते. मात्र दादाचे व्हिडिओ ती रोज पाहायची.

"पंक्चर कसं काढतात, ते आज तू सांगशील?" दादाने विचारले.

तिने मान डोलावली. 'पंक्चर' म्हणायला तिला फार वेळ लागला. आई मदतीला पुढे झुकली, पण दादाने हळूच हात वर केला. सगळे थांबले. शब्द आला. त्यामागून दुसरा आला, आणि चाकात हवा भरेपर्यंत ती बोलतच राहिली.

धाकटीने त्या मुलीच्या कानांना हेडफोन लावले. मुलीने स्वतःचा आवाज शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाली, "परत लाव."

मित्रांनो, माझ्यासारख्याचे काम झाले, की सेल काढा, टोपी झटका आणि कोरड्या डब्यात ठेवा. एवढ्यावर मी वर्षानुवर्षे टिकतो. आणि बोलता बोलता कुणी अडला, तर त्याचे वाक्य तुम्ही पुरे करू नका. त्याचा शब्द येतोच. मी स्वतः ऐकला आहे.