मेंढरांच्या पुढं

आमचे मालक, तात्याबा, मेंढरांच्या पुढं चालायचे. मागं वळून बघायचे नाहीत. "मागं बघितलं की त्यांना कळतं, ह्यालाच खात्री न्हाय," म्हणायचे. ते गेले आणि त्यांची काठी आमच्या थोरल्या लेकीनं, विजयमालानं उचलली. नवरा वारल्यापासून ती माहेरीच. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. सकाळी मेंढरं तिच्या मागं रानात गेली.

धाकटा जोतिराम चिंचोळीच्या एमआयडीसीत कामाला. पगार बारका, गॉगल मोठा. चालला की वाटावं कारखाना ह्याच्या बापाचा. बिरुदेवाच्या जत्रेत दोस्तांनी डिवचलं, "घरात तुझं चालतंय का आक्काचं?" झालं. ह्यानं देवापुढचा भंडारा मुठीत उचलला आणि चारचौघांत बोलला, "अमावस्येच्या आत समदी मेंढरं इकून दावतो."

आमच्यात भंडारा उचलून दिलेला शब्द मोडत नाहीत. मोडला तर देव कोपतो, आणि देवाच्या आधी भावकी थुंकते. घरी आला तेव्हा हात हळदीनं पिवळा आणि तोंड उतरलेलं.

"आये, बोलून गेलो."

"मग जा की परत. देवाला सांग, चेष्टा केली म्हणून."

मी विजयमालाकडं बघितलं. वाटलं, भावाच्या कानाखाली देईल. त्या मेंढरांशिवाय तिला होतं काय दुसरं? ती कोकराच्या पायातला काटा काढत बसली होती. काटा निघाला, मग बोलली.

"भंडारा उचललाय तर दिलीच पायजेत."

व्यापारी ट्रक घेऊन आला त्या दिवशी जोतिराम इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या पुढं. शिट्ट्या मारल्या, काठी आपटली, घसा बसेस्तोवर ओरडला. मेंढरं ट्रकाला लावलेल्या फळीवर चढायची सोडून बाभळीकडं पांगली.

व्यापारी हसला. "मालक, तुमचीच हायत का वाटंत घावली?"

विजयमाला उठली. भावाच्या हातातली काठी घेतली. बापासारखी हलकी हाक दिली आणि फळीवरून ट्रकात चढली. सगळी मेंढरं तिच्या मागं, रोजच्यासारखी चरायला निघावी तशी.

तिच्या भरवशावर चढली बिचारी.

मेंढरांतनं अंग चोरत ती खाली उतरली. व्यापाऱ्याचं हसू गेलं होतं. "बाई, येक कोकरू तरी ठिवा तुमाला."

"भंडारा समद्यांचा उचललाय," ती म्हणाली. "आन् आयशीबिगर ते जगायचं न्हाय."

ट्रक गेला. धूळ खाली बसली तरी जोतिराम तिथंच उभा.

"आक्का, मी..."

"हातपाय धू. जेवायचं हाय."

तिनं त्याला वाढलं. स्वतः भाकरीचा तुकडा मोडून तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती काठी घेऊन रानाकडं निघाली. मी अडवलं नाही. रोजच्या चालीनं, मान ताठ ठेवून चालली होती. बांधापाशी पोचली, थांबली आणि मागं वळून बघितलं.

मी दारातनं आत सरले. कुणी बघतंय असं तिला वाटायला नको.