गवत कापायचं यंत्र आणि दोघे भाऊ

वाटणीत छोटा ट्रॅक्टर धाकट्याकडे गेला आणि त्याच्या मागे जोडायचं गवत कापायचं यंत्र थोरल्याकडे. तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. यंदा फळबागेत गवत कमरेला लागलं, तशी दोघांचीही अडचण झाली. जोडणीला एक माणूस ट्रॅक्टरवर लागतो, एक मागे. इथे निरोप पोचवायला तिसरं लागत होतं, म्हणून थोरल्याची बायको उन्हात उभी होती.

"त्याला सांग, डावीकडे घे," थोरला म्हणाला.

"भाऊजी, डावीकडे."

"वहिनी, दादाला विचारा, कोणाच्या डावीकडे?"

सख्खा भाऊ हाकेच्या अंतरावर, आणि त्याला निरोप धाडायचा. एकाच्या मिशा पिकल्या, दुसऱ्याला टक्कल पडलं, पण अक्कल काही कोणाकडे फिरकली नाही. पूर्वी तिला त्यांची कीव यायची. आता तीही येईना.

ट्रॅक्टरच्या मागच्या दोन लोखंडी हातांपैकी एक यंत्राच्या खुंटीवर बसला, दुसरा वीतभर लांब राहिला. थोरल्याने यंत्राला लाथ घातली. तेवढ्यात धाकट्याने कोणाला न विचारता ट्रॅक्टर मागे रेटला आणि चाक थोरल्याच्या पायाशी आलं.

"थांब रे!"

ट्रॅक्टर थांबला. धाकट्याने मान वळवून पाहिलं. काहीतरी बोलेल असं वाटलं. थोरल्याने घसा खाकरला.

"त्याला सांग, मी ट्रॅक्टरला म्हणालो."

ती पदर खोचून सरळ घराकडे चालू लागली.

खिडकीतून तिला सगळं दिसत होतं. थोरल्याने यंत्राच्या पत्र्यावर पाना आपटला की ट्रॅक्टर मागे, दोनदा आपटला की बंद. दुसरा हात बसला, पिना लागल्या, वरचा दांडा अडकला. धाकट्याने इंजिन बंद केल्यावर थोरल्याने यंत्र फिरवणारा शाफ्ट चढवला. तासाभरात बागेतून घरघर ऐकू येऊ लागली.

रात्री थोरला जेवायला बसला तो फुशारूनच.

"पाहिलंस? सगळं जोडलं, पण एक शब्द बोललो नाही त्याच्याशी."

म्हणजे ह्याला हा पराक्रम वाटत होता. तिने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं, आपलं ताट उचललं आणि बाहेर पायरीवर जाऊन निवांत जेवली. आतून डबे उघडल्याचे, झाकल्याचे आवाज येत होते. मीठ कुठे ठेवलेलं असतं, हे त्याला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.