न जाळलेलं कुडतं

कारंज्याच्या वेशीबाहेर आम्हा माळ्यांची दहा-बारा घरं. त्यांतल्या गिरजाबाईच्या घरातून काही फुकट बाहेर जाईल तर शपथ. भाजीची देठं म्हशीला, शेण-केर उकिरड्यात, उकिरडा पुन्हा वांग्याच्या वाफ्यात. चुलीची राख भांड्यांना, फुटक्या माठाचं बूड कोंबड्यांना पाणी प्यायला. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या तर अशा शिवायची की नव्या सुना टाके बघायला येत. नवरा पुंजाजी थट्टा करायचा, "मी मेलो की माह्या धोतराचीबी गोधडी शिवजो." पण तिच्या मळ्यातल्यासारखी वांगी दुसऱ्या कुणाची नसत, हेही खरं.

त्या उन्हाळ्यात तिच्या नातवाला, रामकिसनला, देवी आल्या. पोर कसंबसं वाचलं. देवी टोचायला आलेल्या सरकारी माणसानं तिला बजावलं, "पोराच्या अंगावरचे कपडे अन् खपल्या जाळून टाका. काही ठेवू नका." गिरजाबाईनं अंथरूण जाळलं, पण कुडतं तिच्या हातून सुटेना. मऊसूत होतं, कुठे उसवलेलंही नव्हतं. पुढे गोधडीत घालू म्हणून तिनं ते गाठोड्यात बांधून आढ्याला टांगलं. घराबाहेर कुणाला याचा पत्ता नव्हता.

शेजारच्या पंजाबरावांची बायको पंचफुला तेव्हा पोटुशी होती. आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेलेली. अशा बाईनं बाळाचं पहिलं वस्त्र परक्या घरून, जगलेल्या लेकराचं, मागून आणायचं ही आमच्याकडची रीत. दिवस भरत आले तशी ती पदर पसरून गिरजाबाईच्या दारात उभी राहिली.

"मावशी, रामकिसनच्या अंगातलं कुडतं द्या. देवीआईनं त्याले सोडलं. माह्या लेकरालेबी सोडन."

गिरजाबाई अडखळली. "धुऊन देतो, पोरी."

"धुऊ नका वो. त्याचा गुण निघून जाईन."

रामकिसनची बाकी जुनी कुडती कधीच गोधड्यांत गेली होती. गिरजाबाईनं ते गाठोडं सोडलं. पसरलेला पदर रिकामा कसा पाठवायचा? शिवाय कुडतं कामी आलं म्हणून तिला बरंही वाटलं असणार. मला तिच्या त्या बरं वाटण्याचाच राग येतो. जीभ उचलून एक वाक्य बोलायचं होतं.

पंचफुलाला मुलगा झाला. कुडत्यात गुंडाळलेलं ते इवलंसं तोंड आम्ही साऱ्याजणी बघून आलो. पुढे त्याला ताप भरला, मग अंगभर फोड आले. दूध ओढायचं सुटलं. बारशाआधीच पंजाबरावांनी त्याला ओढ्याकाठी पुरलं. नाव नव्हतं म्हणून पंचफुला नुसती "बाळा, बाळा" करून रडत होती. ऐकवत नव्हतं.

पुढे एका सकाळी मी विस्तव न्यायला गिरजाबाईकडे गेले होते. पंचफुला आली. हातात तेच कुडतं, धुतलेलं, घडी घातलेलं.

"मावशी, हे तुमच्या सुनेले ठेवा. तिलेबी दिवस गेले म्हणते. माह्यं नशीबच फुटकं, कुडत्याचा काय दोष?"

गिरजाबाईनं ते हिसकावलं आणि तसंच चुलीत कोंबलं. जन्मात तिनं धडका कपडा जाळलेला मी पाहिला नव्हता. खोलीभर धूर झाला.

"अवं, चांगलं कुडतं होतं! काहून जाळलं?" पंचफुला म्हणाली.

"ते आंधीच जाळाले पायजे होतं." गिरजाबाई म्हणाली. "देवी टोचनाऱ्यानं सांगतलं होतं. मले जाळवलं नाही, पोरी."

पंचफुला चुलीकडे बघत राहिली. कुडत्याची बाही अजून पेटायची होती. गिरजाबाई तिच्या पायांवर कोसळली. मला तिचा संताप आला होता आणि कीवही येत होती. कुणाला धरावं हेच कळेना.

पंचफुलानं पाय मागे घेतले. रडली नाही की ओरडली नाही.

"तुमच्या होनाऱ्या नातवासाठी बराबर जाळवलं, मावशी," ती म्हणाली, आणि निघून गेली.