मागचा कार्बोरेटर

मंगळवारपासून अच्युतरावांचा जीव थाऱ्यावर नव्हता. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या घरामागच्या शेडमध्ये यशदीप या तरुण गिऱ्हाइकाची फियाट उभी होती आणि ती काही केल्या वठणीवर येत नव्हती. यशदीपच्या आजोबांनी ही गाडी शर्यतीसाठी खास बांधून घेतली होती. साध्या फियाटला एक कार्बोरेटर असतो, हिला दोन. रविवारी नव्या रायपूरच्या रुंद रस्त्यावर जुन्या गाड्यांची दौड होती, आणि यशदीपनं नाव नोंदवून टाकलं होतं.

अच्युतरावांनी चाळीस वर्षं हेच काम केलं होतं. भिलाई-बिलासपूरहून लोक त्यांच्याकडे गाड्या घेऊन येत. रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं, दुसरं कानाला. पुढचा किती हवा ओढतो, मागचा किती, ते त्या सूं-सूं आवाजावरून सारखं करायचं. मग पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव आट्यानं फिरवत इंजिन शांत करायचं. फार तर तासाभराचं काम.

इथं चार दिवस झाले. मागचा कार्बोरेटर दर वेळी कमी ओढतोय असं वाटे, म्हणून ते त्याचा हवेचा पेच जरा वाढवत. की इंजिन थरथरू लागे. पेट्रोल कमी केलं की सायलेन्सरमधून फटाके, वाढवलं की काळा धूर. मागचा कार्बोरेटर त्यांनी दोनदा उतरवून धुतला, पॅकिंग बदललं. जेवता जेवता उठून ते शेडमध्ये जात, आधीच घट्ट असलेले नट पुन्हा आवळत, पुसलेले पाने पुन्हा पुसत.

शुक्रवारी दुपारी फोन आला. यशदीपच होता. "काका, कल सुबह गाडी मिल जाएगी ना?"

"हव, मिल जाएगी," ते म्हणाले आणि फोन आपटला.

त्यांची बायको विजयाबाई दारात उभ्या होत्या. "तुम्ही फोन उजव्या हातानं उचलता," त्या म्हणाल्या, "अन् डाव्या कानाले लावता. दिवाळीपासून पाहून राहिली मी."

"मंग?"

"मंग काही नाही. ते नळी कोणत्या कानाले लावता?"

"चाळीस वर्षं झाले, तू मले आता शिकवून राहिली काय?" ते एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या छतावरून कोणीतरी डोकावलं. विजयाबाई आत गेल्या.

अच्युतराव शेडमध्ये फेऱ्या मारू लागले. उजव्या कानात पावसाळ्यापासून शिट्टी वाजत होती. सर्दी असेल, मळ असेल, म्हणून त्यांनी तो विचार दूर लोटला होता. गाडीच्या कडेला उभं राहिलं की पुढच्या कार्बोरेटरची नळी आपसूक डाव्या कानाशी जाई आणि मागच्याची उजव्या. हात तसेच वळणी पडले होते.

त्यांनी इंजिन चालू केलं. पुढच्याचा आवाज डाव्या कानानं ऐकला. मग नळी मागच्यावर धरली आणि मान अवघडून तिचं टोक त्याच कानाला लावलं.

मागचा नुसता गरजत होता.

मग खात्रीसाठी टोक उजव्या कानात घातलं. लांब कुठेतरी कोणी फुंकर घालावी, एवढंच.

त्यांनी पेचकस उचलला आणि चार दिवसांत वाढवलेलं सगळं उलटं फिरवत नेलं. दोन्ही आवाज सारखे झाले तेव्हा मिश्रणाच्या स्क्रूला हात घातला. पाव आटा आत, इंजिन अडखळलं. थोडा बाहेर. अजून थोडा. थरथर एकदम थांबली आणि इंजिन सरळ, एका सुरात चालू लागलं. काम जमलं होतं. ते स्टुलावर बसले, लगेच उठले आणि स्वयंपाकघरात गेले.

"कान गेला माहा," ते म्हणाले.

विजयाबाईंनी गॅस बंद केला. "सोमवारी डॉक्टरकडे जाऊ. दुसरा हाये ना अजून?"

"हाये."

शनिवारी सकाळी यशदीप आला. गाडीचा आवाज ऐकून हरखला. अच्युतरावांनी त्याला थांबवलं. "आधी ऐक. मले उजव्या कानानं ऐकू येत नाही. गाडी मी एका कानानं ऐकून जुळवली. तुले दुसऱ्या कोणाले दाखवायची असंल तर दाखव. मी वाईट मानणार नाही."

यशदीप गोंधळला. त्यानं एकदा बॉनेटकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. "आप साथ बैठिए," तो शेवटी म्हणाला. "चलाके देखते हैं."

नव्या रायपूरच्या मोकळ्या रस्त्यावर त्यानं ॲक्सिलरेटरवर पाय दाबला. गाडी न गुदमरता, न झटके देता पुढे झेपावली. अच्युतरावांनी तळवा डॅशबोर्डवर पसरून ठेवला होता. कानानं सुटेल ते हाताला कळेल म्हणून. त्यांच्या उजवीकडे बसलेला यशदीप काहीतरी बोलला. फक्त ओठ हलले.

एरवी त्यांनी नुसती मान डोलावली असती. आज ते अख्खे त्याच्याकडे वळले.

"काय म्हटलं तू? जोरानं बोल."