उसन्या आरशामागचा पत्रा

मित्रांनो, मी एक जुना पत्रा आहे. क्रुआ-दे-बुके गावात, एलूर्दबाईच्या पुढच्या खोलीत भिंतीवर असतो. माझ्या अंगावर पपईचं झाड आहे आणि झाडावर एक कोंबडी. पण जन्मानं मी तेलाचं पिंप. इकडे येताना वादळात जहाजावरून पडलो आणि एका देवमाशाला ढेकर येईपर्यंत त्याच्या पोटात राहिलो. खोटं वाटत असेल तर त्या देवमाशाला विचारा.

तेल संपल्यावर एलूर्दबाईनं मला अंगणात पन्हळीखाली उभं केलं. चौदा वर्षं मी पावसाचं पाणी धरलं. तिच्या नवऱ्याची शेवटची अंघोळ माझ्याच पाण्यानं झाली. एक कोंबडी रोज माझ्या काठावर बसायची. एलूर्दबाईची लहानगी लेक नादेज मुसळ घेऊन मला ढोलासारखी बडवायची. पोटाला सात पोचे आले. तेव्हा फार राग यायचा.

मग माझा तळ गंजून गळाला आणि नेमकी त्याच महिन्यात नादेजला मागणी आली. आमच्याकडे मुलाची माणसं फितीनं बांधलेलं पत्र आणतात आणि मुलीच्या घरी सगळ्यांसमोर वाचतात. एलूर्दबाईला एकच धास्ती. "या उघड्या भिंती बघून पत्र न वाचताच उठतील गं ती!"

तिनं मला पत्र्यावर चित्रं कोरणाऱ्या विल्नेर मिस्त्रीकडे गडगडत नेलं. "मोडीत घे बाबा, आणि बदल्यात भिंतीवर लावण्यासारखं काहीतरी दे."

विल्नेरनं पोच्यांवरून हात फिरवला. "हे मोडीत? बाई, डोळे तपासून घ्या."

त्यानं माझ्या पोटात केळीची वाळकी पानं कोंबून आग लावली, मग मला उभा चिरला. "आता याच्यावर उभ्या राहा. सपाट करायला तुमच्याइतकं वजनदार गावात कोण आहे?"

"आधी तुझी जीभ सपाट करते, थांब!" असं म्हणत ती चढलीच. मग छिन्नी चालली. पोचे त्यानं तसेच ठेवले. त्यांच्या सात पपया झाल्या.

"पाण्याचं पिंप पाहुण्यांना दाखवू? हसतील!" एलूर्दबाई म्हणाली. विल्नेरचं मन राखायला तिनं मला टांगलं आणि वरून शेजारणीचा सोनेरी आरसा अडकवला. पडदे, घड्याळ, फुलदाणी, सगळं उसनं. खोली अशी दिसू लागली, जणू तिथे कुणी राहतच नाही.

रविवारी माणसं आली. मुलाची मावशी फिलोमीजबाई आरशापुढेच थबकली. "हा उडालेला कोपरा... अगंबाई, हा तर मी माझ्या भाचीला दिलेला आरसा!" शेजारणीनंही तो पलीकडच्या गल्लीतल्या त्याच भाचीकडून मागून आणलेला, हे एलूर्दबाईला काय ठाऊक!

पत्र फितीतच. एलूर्दबाईचे डोळे जमिनीत.

नादेजनं आरसा उतरवला. "उसनाच आहे, मावशी. घेऊन जा."

मागे मी.

"आणि हे कुणाकडचं?"

"हे आमचं. चौदा वर्षं याच्यातलं पाणी प्यालो."

मावशीनं पपया चाचपल्या. "ह्या कुणी ठोकल्या?"

"मी. मुसळानं."

"म्हणजे आमच्या पोराला हेल्मेट घेऊन द्यावं लागणार!" मावशी इतकी हसली की उसनं घड्याळ बंद पडलं. मग ती ऐसपैस बसली. "माझ्या मागणीला तर खुर्च्याही उसन्या होत्या, एलूर्दबाई. सोड रे ती फीत!"

माझ्या झाकणाचा विल्नेरनं सूर्य केला. तो नादेजच्या घरी आहे. एकाच वेळी दोन घरांत राहणारा मी. सांगा, देवमाशाच्या पोटातून आलेल्याला आणखी काय हवं? त्या गंजाचे, त्या छिन्नीचे, एलूर्दबाईच्या वजनाचेसुद्धा माझ्यावर उपकार आहेत.

मित्रांनो, घर सजवायला निघालात तर बाजारात जाण्याआधी आपल्या अंगणात एक चक्कर मारा. तिथे माझ्यासारखं कुणीतरी गळत उभं असेल.

आणि एक काम करा. नादेजची लेक आता पाच वर्षांची झाली आहे. परवा ती मुसळ शोधत होती, पण आजीनं लपवलंय. तिला हळूच सांगा, दाराआड आहे. झाडावर आठव्या पपईला अजून जागा आहे.