गुदगुल्या होणारा डबा

मित्रांनो, माझ्या पाठीवरचे ओरखडे आणि कडेचा उडालेला टवका बघून तुम्ही ओळखलंच असेल, की मी आता नवा राहिलेलो नाही. मी एक टॅग आहे. बटणासारखा गोल, नाण्याहून थोडा मोठा. ज्या वस्तूला मला चिकटवाल, ती हरवली तर कुठे आहे हे मी सांगतो. डोंबिवलीच्या आमच्या घरात मला गोट्या म्हणतात. हे नाव पाच वर्षांच्या अक्षदाने ठेवलंय, म्हणजे आमच्या अक्षूने.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की कुणीतरी माझ्या पोटात चपटा सेल बसवला आणि मला जाग आली. तेव्हापासून मी दर काही क्षणांनी हळूच म्हणत असतो, "मी इथे आहे." जवळून जाणाऱ्या कुणाच्याही मोबाइलला ते कळतं आणि त्या माणसाच्या नकळत निरोप आमच्या घरच्या फोनवर पोचतो. कितीतरी अनोळखी लोकांनी माझे निरोप वाहिलेत. त्यांना बिचाऱ्यांना पत्ताच नाही!

सुरुवातीला मी अक्षूच्या बाबांच्या, म्हणजे सर्वेशच्या किल्ल्यांना लटकत असे. ते ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये कामाला जातात. एकदा ते किल्ल्या चहाच्या टपरीवर विसरले आणि मी त्या दहा मिनिटांत शोधून दिल्या. तेव्हा माझं काय कौतुक झालं! पुढे किल्ल्यांचं कुलूपच बदललं आणि मी ड्रॉवरमध्ये रबरबँड आणि संपलेली पेनं यांच्या संगतीत जाऊन पडलो. पाच महिने कुणी विचारलं नाही.

मग एके दिवशी अक्षूच्या आईने, संचिताने, मला बाहेर काढलं.

अक्षूला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. लहानपणी तिचं ऑपरेशन झालं आणि कानामागे एक यंत्र आलं. ते लावलं की तिला पाऊलसुद्धा ऐकू येतं, काढलं की काहीच नाही. डोंबिवलीच्या दमट हवेत आणि घामात ते बिघडू नये, म्हणून दुपारी ती झोपली की संचिता ते एका स्टीलच्या डब्यात ठेवते. डब्यात ओल शोषणाऱ्या दाण्यांची डबीही असते. त्या डब्याच्या तळाला बाहेरून मला चिकटवलं. यंत्र हरवलं तर दुसरं मिळायला महिनोन्‌महिने लागतात, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून संचिताला झोप कमीच.

तिने फोनवरच्या नकाशात आमच्या घराभोवती एक वर्तुळ काढलं. डबा त्या वर्तुळाबाहेर गेला, की फोन ओरडणार. पण काळजीपोटी तिने ते इतकं लहान काढलं, की डबा शेजारच्या हेमांगीकडे नेला तरी फोन बोंब मारायचा. एका दिवसात सतरा वेळा!

"अगं, सीमेवर तरी एवढा पहारा असतो का?" सर्वेश हसून म्हणाले.

"हसा. यंत्र हरवलं की कळेल."

"हरवायच्या आधी आम्हीच बहिरे होऊ या ओरडण्याने," सासूबाई, म्हणजे नीलाआजी, पुटपुटल्या.

शेवटी कंटाळून संचिताने वर्तुळ मोठं केलं. एवढं मोठं, की सगळी डोंबिवली आणि कल्याणही त्यात मावलं. पुढे फोनवर माझा सेल संपत आल्याची सूचना आली, तेव्हा ती म्हणाली, "रविवारी बघते." असे तीन रविवार गेले. मित्रांनो, मी रागावलो नव्हतो हं. फक्त माझा आवाज रोज थोडा थोडा बसत चालला होता.

आमच्याकडे खडवलीहून गंगुबाई भोईर भाजी घेऊन येतात. त्यांनी अक्षूसाठी घरच्या तळणीच्या चिकवड्या आणल्या होत्या, डबाभर. नीलाआजींनी त्या काढून घेतल्या, डबा धुतला, पुसला आणि अक्षूच्या डब्याशेजारी ठेवला. दोन्ही डबे अगदी जुळे. आता तुम्हाला ठाऊकच असेल, की कुणाचा डबा आपण रिकामा परत देत नाही. निदान चिमूटभर साखर तरी घालतो. दुपारी गंगुबाई निघाल्या तेव्हा आजींच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. त्यांनी हाताला लागला तो डबा उचलून हलवला. आत खुळखुळलं. 'सूनबाईने आधीच खडीसाखर घातलेली दिसते,' असं म्हणून त्यांनी तो गंगुबाईंच्या टोपलीत ठेवला.

तो डबा आमचा होता!

मी जिवाच्या आकांताने म्हणत होतो, "मी इथे आहे, मी इथे आहे." पण वर्तुळ एवढं अफाट, की कल्याणपुढचं टिटवाळा येईपर्यंत फोन गप्प. तिथे एकदाचा तो ओरडला. पुढचं मला नंतर कळलं. संचिताने फळीकडे पाहिलं, तर डबा जागेवर!

"डबा समोर दिसतोय आणि हा म्हणतो टिटवाळा. गोट्याला वेड लागलंय," ती म्हणाली.

थोड्या वेळाने अक्षू उठली आणि कानामागे बोट नेऊन यंत्र मागू लागली. संचिताने डबा उघडला. रिकामा. उलटा केला. तळाला मी नव्हतो. तिथे ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं, 'गंगुबाई पोपट भोईर, खडवली'.

नीलाआजींनी ते नाव बोटांनी चाचपलं. "अगं, खुळखुळलं म्हणून मी... मेली माझी नजर! काय केलं मी हे?"

संचिताने पर्स उचलली. "आई, चष्मा घ्या आणि चला. नाव आहे, गाव आहे. सापडेल."

गंगुबाईंचा साधा फोन लागत नव्हता. मी नकाशावर खडवली स्टेशनजवळ शेवटचा दिसलो होतो आणि त्यानंतर माझा ठिपका विझला होता. गाडीत बसल्यापासून अक्षूने आईच्या चेहऱ्यावरची नजर हलवली नाही. ऐकू येत नसलं, की ती चेहरे वाचते. म्हणून संचिता सगळा वेळ हसत होती.

टिटवाळा सोडल्यावर नकाशावर ठिपका पुन्हा उगवला. खडवलीत कुणीतरी खिशात मोबाइल घेऊन माझ्या शेजारून गेलं होतं. देव त्याचं भलं करो.

रिक्षावाल्याला नाव सांगताच त्याने तिघींना थेट दारात आणून सोडलं. दारात टेम्पो उभा. शीळफाट्याला कुणाची तरी हळद होती. गंगुबाईंच्या चिकवड्यांचे साठेक डबे क्रेटमध्ये रचून झालेले, आणि मागे त्याच टेम्पोने हळदीला निघालेले बेंजोवाले वाजंत्री वाजवायलाही लागलेले.

"काय झाला गो बाय?" गंगुबाई धावत आल्या. सगळं ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. "मी तं उघडलापन नाय! गोडाचा डबा म्हणून देवाम्होरं ठेवलेला. अवो, तुमी उचललाव काय तो?"

त्यांचे यजमान पोपट डोकं खाजवत म्हणाले, "आपलाच डबा वाटला. भरला क्रेटमधी."

"आता सगळे डबे खोलणार?" ड्रायव्हर कुरकुरला. "हळद उतरून जाईल तोवर."

संचिताने फोनवर मला हाक मारली. हाक मारली की मी वाजतो आणि वाजताना थरथरतोही. मी वाजलोही, सगळा जीव एकवटून. पण अर्धमेला सेल, भोवती डब्यांच्या चळती आणि शेजारी बेंजो! कुणाला ऐकू जाणार? पोपटभाऊंनी हात वर करून बेंजो थांबवला, तरी माझा आवाज कापसात गुंडाळल्यासारखा. संचिता क्रेटला कान लावून उभी राहिली. "आवाजच येत नाहीये," ती म्हणाली, आणि इतका वेळ टिकवलेलं हसू तिच्या चेहऱ्यावरून उतरलं.

ते अक्षूने वाचलं.

ती टेम्पोच्या फळीवर चढली. एरवी संचिता ओरडली असती, "पडशील!" या वेळी तिने नुसता मागे हात धरला. अक्षू एकेका डब्यावर तळवा ठेवत निघाली. एक डबा, दुसरा, तिसरा. तिसऱ्या क्रेटमध्ये कोपऱ्यातल्या डब्यावर तिचा तळवा टेकला आणि मला त्याची ऊब जाणवली. मी आणखी जोरात थरथरलो.

"आई!" ती मोठ्याने ओरडली. "या डब्याला गुदगुल्या होतायत!"

आत कापसात यंत्र जसंच्या तसं होतं. संचिताने ते अक्षूच्या कानामागे लावलं. अक्षूने मान तिरकी केली. "आई, गोट्या रडतोय. किती हळू रडतोय."

त्या गर्दीत माझा आवाज ऐकणारी ती पहिली. नीलाआजींनी पदराने डोळे पुसले आणि गंगुबाईंचा डबा पुढे केला. मग एकदम जीभ चावली. "अगंबाई, हा रिकामाच आणला की!"

अक्षूने फ्रॉकच्या खिशातून चिकट झालेलं एक चॉकलेट काढलं, डब्यात टाकलं आणि झाकण लावून हलवून पाहिलं. "आता वाजतोय," ती म्हणाली. गंगुबाईंनी डबा नाही, अक्षूलाच उचलून घेतलं.

"चला आता, नवरीला उशीर झाला," ड्रायव्हर म्हणाला, पण हसत.

मित्रांनो, त्याच संध्याकाळी कल्याणला उतरून संचिताने माझ्यासाठी नवा सेल घेतला. माझ्या पाठीवर पेनाने तारीख लिहिली. हा पुसट काळा रंग दिसतो ना, तो त्या तारखेचाच. वर्तुळही पुन्हा काढलं. हेमांगीचं घर, खालची बाग आणि शाळा त्यात येते. स्टेशन येत नाही. आता फोन ओरडला की घरात कुणी हसत नाही, कारण तो उगाच ओरडत नाही.

मी म्हातारा झालोय, पण कामावर आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अक्षू मला डब्यावरून काढते, तळहातावर ठेवते आणि आईला म्हणते, "वाजव." मी वाजतो, तिला गुदगुल्या होतात.

तुमच्या घरीही एखादी वस्तू तुमची राखण करत गप्प पडून असेल. आजीचा चष्मा असेल, दाराची कडी असेल, नाहीतर माझ्यासारखा एखादा गोट्या असेल. काही हरवेपर्यंत थांबू नका. अधूनमधून तिला सहज हाक मारा. ती ओ देते का, तेवढं बघा.