चार बोटं दुमड

आता जे सांगतो ते कुणालाही पटणार नाही. सर्कशीतल्या हत्तीला मी कोट शिवला होता, ती गोष्ट तुम्ही हसत हसत ऐकलीत आणि पचवलीत. त्या मानानं ही अगदी साधी, शाळेच्या गणवेशाची. तरी आधीच सांगून ठेवतो, ही पचायची नाही.

"हत्तीला बटणं लावायला शिडी घेतली होती, ठाऊक आहे," घड्याळजी म्हणाला. माझ्याच दुकानाच्या कोपऱ्यात काचेची पेटी मांडून तो घड्याळं दुरुस्त करतो. डोळ्याला भिंग आहे, तोंडाला कुलूप नाही. "बुवा, तुमची कात्री कापडावर कमी आणि थापांवर जास्त चालते."

माझी नात भिंगरी स्टुलावर उभी होती. अंगात राखी रंगाचा नवा झगा, दोन्ही हात पंखासारखे बाजूला, कारण बगलेतल्या टाचण्या अजून काढायच्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला परीक्षेच्या तयारी वर्गात पोचवायचं होतं. राहणं, खाणं, झोपणं, सगळं तिथेच. सूनबाई बाकावर बसून ट्रंकेतल्या कपड्यांवर शाईनं नंबर घालत होती. नाव घालू नका, नंबर पुरे, असं वर्गानं कळवलं होतं.

"सांगा ना आजोबा," भिंगरी म्हणाली. "पण भुताची नको."

"भूत असतं तर बरं झालं असतं गं," मी म्हटलं. "भुताला निदान उलटे का होईना, पाय असतात. तू वाकू नकोस, टाचणी टोचेल."

तर ही भिंगरीच्या जन्माआधीची गोष्ट. तेव्हा माझं दुकान नदीपलीकडे होतं, शाळेच्या फाटकासमोर. शिंप्याला पोराचं प्रगतिपुस्तक बघावं लागत नाही. कपडा दुरुस्तीला आला की सगळं कळतं. ढोपर फाटलं म्हणजे पोरगं धावलं. खिसा लोंबला म्हणजे त्यात दगड, भोवरा, मेलेला भुंगा, काहीतरी नांदून गेलं. बाही कडक झाली म्हणजे नाक पुसलं. आणि पाठीवर शाईचा फराटा असला, की मागच्या बाकावर कुणीतरी जिवलग मैत्रीण बसते.

वखारवाल्याची मुलगी होती एक. दर आठवड्याला झगा फाडून आणायची, म्हणून मी तिला फाडूबाई म्हणायचो. शिवून होईपर्यंत गप्प बसेल तर शपथ. "मास्टरकाका, बटणाला चारच भोकं का? पाच का नाहीत?"

"पाचवं तू पाडतेस ना, ढोपराला," मी म्हणायचो. ती शीळ घालत निघून जायची. पण जाताना मान वळवून बटणाकडे बघायची. उत्तर काही मिळालेलं नाही, हे तिला पक्कं माहीत असायचं.

मग तिथे एक नवा वर्ग निघाला.

"आमच्यासारखा?" भिंगरीनं विचारलं.

"तसा नव्हे. वेगळा."

शाळेतून एक पोर गेलं, मग दोन गेली, मग शेजाऱ्याचं गेलं म्हणून आपलं गेलं. बघता बघता शाळेत मास्तर जास्त आणि पोरं कमी झाली. एक दिवस त्या वर्गाचे संचालक माझ्या दुकानात आले. गुळगुळीत माणूस. हातात हात दिला, तो इतका मऊ की सोडल्यावर मी माझाच हात तपासून पाहिला. गणवेशांचं मोठं काम द्यायचं होतं. कापड राखी.

"माझंही राखीच आहे," भिंगरी म्हणाली.

"राखी कापड जगात ढीगभर आहे. हात खाली करू नकोस."

संचालक म्हणाले, "खिसे नकोत. आणि दुमड नको."

मी म्हटलं, "साहेब, पोरं वाढतात. खाली चार बोटं कापड आत दुमडून ठेवायचं, ही आमची रीतच आहे. पोर उंच झालं की टाका उसवायचा, झगा खाली सोडायचा."

"आमच्याकडे त्याची गरज पडत नाही."

"गरज पडत नाही म्हणजे? तुम्ही तिथे शिकवता तरी काय?"

"शिकवायचे दिवस गेले, मास्टर," ते अगदी मायेनं म्हणाले. "शिकवलं की मूल भलतीकडे भरकटतं. परीक्षेला लागतं तेवढं आम्ही मुलात ठेवतो. बाकीचं काढून घेतो."

"काढून घेता ते ठेवता कुठे?"

ते हसले. दात अगदी एकसारखे, मशीनच्या शिलाईसारखे.

"झालं सुरू!" घड्याळजी म्हणाला. "आता तळघर निघणार, त्यात बरण्या निघणार."

"बरण्या नव्हत्या रे. बरण्या असत्या तर मी हत्तीच्या गोष्टीतच वापरल्या असत्या."

मी गणवेश शिवले. सांगितले तसेच शिवले, खिसे नाहीत, दुमड नाही. फाडूबाईही त्याच वर्गात गेली होती; फक्त तिचा झगा हातात आला तेव्हा बोटांनी माझं ऐकलं नाही. चार बोटं कापड आत गेलं, वरून त्याच रंगाची पट्टी लागली, कच्च्या टाक्यानं. बाहेरून बघणाऱ्याला संशय यायचा नाही.

सहामाहीनंतर दुरुस्तीचं गाठोडं आलं. मी ते सोडलं आणि एकेक कपडा उजेडात धरला. कोपर झिजून जाळी झालेले. मागची बाजू बसून बसून आरशासारखी चकाकत होती. आणि ढोपराकडचं कापड? ठाणातून आताच फाडल्यासारखं कोरं. एक डाग नाही. शाई नाही, चिखल नाही. मी एक झगा नाकाशी धरला. कपड्याला वासच नव्हता. दुसरा धरला, तिसरा धरला. पोरांच्या कपड्यांचं एवढं मोठं गाठोडं, आणि त्यात पोराचा वास कुठेच नाही.

"स्वच्छता असेल, बाबा," सूनबाई मान वर न करता म्हणाली.

"असेल की. मीही तेच म्हटलं स्वतःला."

मग वर्ष सरल्यावर मापं घ्यायला मला त्या इमारतीत बोलावलं. लांबच लांब खोली, भिंतींना एकच रंग, खिडक्या एवढ्या वर की आभाळाशिवाय काही दिसू नये. पोरं रांगेत उभी. मी पहिल्याची उंची घेतली, गेल्या वर्षीएवढीच. दुसऱ्याची तीच. तिसऱ्याचीही तीच. टेप आखडली की काय म्हणून मी माझीच कंबर मोजून पाहिली. ती मात्र वाढली होती.

घड्याळजी हसला. एकटाच हसला, म्हणून लगेच थांबला.

"पोरांचं काहीच वाढलं नव्हतं?" भिंगरीनं विचारलं.

"टोप्या तेवढ्या घट्ट झाल्या होत्या."

मी एका मुलीला सहज विचारलं, "बाळ, नाव काय तुझं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "पर्याय सांगा ना."

मला वाटलं, थट्टा करते. मीही थट्टेत तोंडाला येतील ती चार नावं घेतली. तिनं डोळे मिटले, ओठ हलवले आणि म्हणाली, "तिसरं." तेवढ्यात मागच्या मुलीनं तिला बोटानं ढोसलं, "ते माझं आहे." त्यावर पहिली काय म्हणाली असेल? "चूक असेल तर सोडून देते."

घड्याळजीच्या पेटीतली घड्याळं एरवी कधी ऐकू येत नाहीत. आता येत होती.

"बाबा, पुरे," सूनबाई म्हणाली.

"आई, थांब ना," भिंगरी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

रांगेच्या शेवटी फाडूबाई होती. मी आधी ओळखलंच नाही. ढोपराकडे झगा जसा दिला तसाच, घडी मोडली नव्हती म्हणा ना. मी तिच्यासमोर गुडघे टेकून बसलो. "फाडूबाई, बटणाला चारच भोकं का गं?" मी विचारलं. ती म्हणाली, "हे अभ्यासक्रमात नाही."

माझा हात आपोआप खाली गेला. पट्टी चाचपली, कच्च्या टाक्याचं टोक नखात धरलं आणि ओढलं. दोरा सर्रकन निघाला. चार बोटं कापड तिच्या पायांवर खाली पडलं. आत दडलेलं, म्हणून त्याचा रंग जरा गडद. तिनं खाली पाहिलं.

"हे कशासाठी ठेवलं होतं?"

त्या खोलीत पोरांकडून आलेला तो पहिला प्रश्न. सगळ्या रांगेची मान एकदम वळली.

"तू वाढशील म्हणून," मी म्हटलं.

"किती?"

"ते कसं सांगणार? कुणालाच ठाऊक नसतं."

"म्हणजे ह्याला उत्तर नाही?" तिचे ओठ थरथरायला लागले. रडणार की शीळ घालणार ते कळेना. "उत्तर नसलेलं माझ्याजवळ होतं? इतके दिवस?"

आणि मग ती सगळी पोरं माझ्याभोवती आली. पावलांचा आवाज न करता आली. एकेकानं वाकून आपला काठ उलटा केला, बोटांनी चाचपला, दातांनी ओढून पाहिला. कुठे काय असणार? कात्रीनं कापलेली कड तेवढी. "आमच्यात कुठाय?" एकानं विचारलं. मग सगळ्यांनी, एका सुरात, पाढा म्हणावा तसं, "आमच्यात कुठाय? आमच्यात कुठाय?" कुणी माझी बाही धरली, कुणी टेप. एवढीशी बोटं, पण गार, आणि सुटता सुटेनात. टेप, खडू, चष्म्याचं घर, सगळं तिथेच टाकून मी धावलो. जिन्यावर ते संचालक उभे होते, हसत. म्हणाले, "मास्टर, मापं मिळाली का?"

स्टुलाचा एक पाय खटखट वाजत होता. मी बघितलं तर स्टूल लंगडं नव्हतं, भिंगरीचे पाय कापत होते. बगलेतल्या टाचण्या लुकलुकत होत्या.

"बाबा!" सूनबाईनं शाईची दौत खाली ठेवली. "उद्या जायचंय तिला. मला काय हौस आहे का पाठवायची? तिच्या शाळेत उरलंय कोण? बाकं आणि ती. एकटीला ठेवू तिथे? सगळे पुढे गेले, हिनंच काय ते मागे राहायचं?" तिचे डोळे भरले होते. "आणि तुम्ही हे असलं..."

"बुवा, शेवट सांगा लवकर," घड्याळजी म्हणाला. भिंग त्यानं केव्हाच काढलं होतं. "काहीतरी बरा शेवट असेल ना?"

मी खोकलो, चष्मा पुसला आणि पुढचं भरभर सांगून टाकलं.

"आहे की! असा आहे शेवट. मी फाटकाबाहेर आलो आणि मागे शीळ ऐकू आली. फाडूबाई! माझ्याच मागून धावत सुटलेली. आणि त्या दिवसापासून जी वाढली, जी वाढली, विचारता सोय नाही. दुमड संपली, मी जोड लावला, जोड संपला, परत लावला. आता रस्त्यावरचे दिवे बदलायचं काम करते, शिडी लागत नाही. वाकून आमच्या कौलावरची मांजर खाली काढून देते."

"हां, हे आपलं नेहमीचं," घड्याळजीनं सुस्कारा सोडला.

"आणि तो वर्ग?" भिंगरीनं विचारलं.

"बंद! कधीचाच बंद. दाराला कुलूप, खिडक्यांत कबुतरं. संचालक आता चणे विकतात. तुझा वर्ग अगदी वेगळा आहे, भिंगरे. तिथे पोरं धावतात, झाडावर चढतात, हवं ते विचारतात. भिण्यासारखं तिथे काहीसुद्धा नाही."

सूनबाईनं डोळे पुसले आणि पुन्हा नंबर घालायला घेतले. घड्याळजीनं भिंग डोळ्याला लावलं. मी शेवटची टाचणी काढली आणि म्हटलं, "झालं. उतर आता. सरळ उतर, वाकू नकोस."

भिंगरी वाकली. झग्याचा काठ तिनं दोन्ही हातांनी उलटा केला. आतल्या पट्टीवरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग दुमडीवर हाताचा पंजा आडवा ठेवला. चार बोटं पुरली नाहीत, दुसरा पंजाही ठेवावा लागला.

"खोटं!" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की घड्याळजीच्या हातातलं चाक निसटलं. "आजोबा, शेवट खोटा आहे. माझा वर्ग वेगळा असता, तर तुम्ही ही एवढी दुमड ठेवली असती, ती पण लपवून?"